मानेचं ऑपरेशन सांगितलंय? घाई कुठे करायची आणि कुठे नाही, पायरीपायरीने

आमच्या घरात एकाच वर्षात मानेचे दोन पेशंट झाले. धाकटा दीर रात्र रात्र उजवा हात डोक्यावर ठेवून बसायचा कारण तेवढ्यानेच जरा बरं वाटायचं, खाली घेतला की ओरडायचा. आणि आईला काहीच दुखत नव्हतं, फक्त भाकरी गोल थापली जाईना आणि चालता चालता चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही. ऑपरेशन लागणार दिराला असं सगळे धरून चाललो होतो, लागलं आईला. दिराचं ७ आठवड्यांत गोळ्या आणि व्यायामावर भागलं.

तेव्हापासून ओळखीतले लोक रिपोर्ट पाठवतात, "नस दबलीय म्हणून आलंय, करू का ऑपरेशन?" आणि जवळजवळ प्रत्येक जण दुखतंय किती यावरून हिशोब करत असतो. तिथेच चुकतं. मी डॉक्टर नाही, दोघांच्या मागे फिरले, प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. तुमचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा, पण कोणत्या क्रमाने जायचं ते इथे लिहितेय.

१. आधी ठरवा: नस दबलीय की मज्जारज्जू?

"मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य विसरून जा, त्यातून काही कळत नाही. मानेत मणके ७, त्यांच्या बाजूंनी नसांच्या ८ जोड्या बाहेर पडतात आणि मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. दोन मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाड वाढलं की दाब यातल्या एकावर येतो, कधी दोन्हींवर. दोन्हींचं वागणं पूर्ण वेगळं असतं.

नस दबली तर साधारण एकाच हातात कळ जाते, खांद्याच्या पात्यापासून सुरू होऊन बोटापर्यंत करंट, मुंग्या, बधिरपणा. अंगठ्याकडे जात असेल तर बहुतेक सी६ ची नस (सी म्हणजे मान, आकडा म्हणजे वरून कितवी), मधल्या बोटाकडे सी७, करंगळीकडे सी८. त्रास प्रचंड होतो पण बऱ्याच जणांचा ऑपरेशनशिवाय कमी होतो.

मज्जारज्जू दबला तर दुखेलच असं नाही, आणि म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, सही बदलते, हातातून कप पडतो, पाय जड वाटतात, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, लघवीला धावत जावं लागतं. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं काहींना होतं. आईच्या बाबतीत आम्ही आठ महिने "वय झालं आता" म्हणत काढले, मध्ये गुडघ्याच्या गोळ्यासुद्धा दिल्या.

घरी करून बघायच्या दोन गोष्टी:

मूठ घट्ट मिटायची आणि बोटं पूर्ण उघडायची, १० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. साधारण २० वेळा व्हायला हवं. बरंच कमी होत असेल किंवा बोटं अडकत अडकत उघडत असतील तर डॉक्टरांना दाखवा (संधिवात असेल तर या आकड्यावर विसंबू नका).

एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावत सरळ रेषेत १० पावलं चालायचं, तोल न जाता किती जमली ते मोजायचं, शेजारी कुणीतरी उभं हवंच.

दोन्ही आकडे तारखेसकट लिहून ठेवा, पुढे लागतात.

थांबा: हाताची किंवा पायाची ताकद अचानक गेली, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, पडल्यावर हातपाय बधिर झाले, तर ओपीडीची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा. मानेच्या दुखण्याबरोबर संध्याकाळचा ताप, वजन उतरणं किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही.

२. एमआरआय नंतर, तपासणी आधी

लोक उलटं करतात. मान दुखली की परस्पर लॅबमध्ये जाऊन एमआरआय काढतात, रिपोर्टमधले चार जड शब्द वाचून घाबरतात आणि मग डॉक्टर शोधतात. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या माणसाचा एमआरआय काढला तरी त्यात डिस्क बल्ज (गादी फुगणं), वाढलेलं हाड वगैरे सर्रास सापडतं. म्हणून आधी डॉक्टरांनी हातोडीने रिफ्लेक्स बघायला हवेत, हातापायाची ताकद तपासायला हवी, चालवून बघायला हवं. फाईल उघडून फक्त फिल्म बघितली आणि तारीख दिली, असं झालं तर दुसरं मत घ्या. यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही.

रिपोर्ट आणि त्रास जुळतोय का हे तुम्हालाही ढोबळ बघता येतं. रिपोर्टमध्ये गादी तिच्या वरच्या-खालच्या मणक्यांच्या आकड्यांनी लिहितात, मानेत त्यातला दुसरा आकडा म्हणजे सहसा बाजूला दबणारी नस, सी५-६ ला सरकलेली गादी सी६ ची नस दाबते, सी६-७ ची गादी सी७ ची. आता रिपोर्टमध्ये उजवीकडे सी६-७ लिहिलंय आणि तुमचा डावा अंगठा बधिर आहे, तर विचारायला हवं की हे जुळतंय कसं.

बाकीच्या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत पण या विचाराच:

बी१२ आणि शुगर. बी१२ फार कमी झालं तर हातापायाला मुंग्या, तोल जाणं असं सगळं मज्जारज्जू दबल्यासारखंच दिसू शकतं, आणि शुद्ध शाकाहारी घरात हे कमी असणं नेहमीचं आहे.

एनसीव्ही, म्हणजे नसांमधून करंट नीट जातोय का ती तपासणी. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं, असं असेल तर नस मनगटात दबलेली असू शकते. मानेचं ऑपरेशन करून मनगटाचा त्रास जाणार नाही.

मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्सरे, मणका सरकतोय का बघायला. आणि मणक्यांच्या मागचा पडदा हाडासारखा कडक झाल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन, कारण हाड त्यात नीट दिसतं.

३. वाट बघायची असेल तर कशी बघायची

फक्त नस दबलीय, ताकद शाबूत आहे, मज्जारज्जूची लक्षणं नाहीत, तर सहसा ६ ते १२ आठवडे औषधं आणि फिजिओथेरपी यांना द्यायचे असतात. दिराला पहिले दहा दिवस काहीच फरक नव्हता, तो तर ऑपरेशनची तारीख घेऊन आला होता, चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा आडवा झोपला. गळपट्टा घालायचा तर थोडे दिवसच, महिनोनमहिने घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात.

वाट बघणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दर आठवड्याला ताकद तपासा, त्याच हाताने पाण्याने भरलेला तांब्या उचलता येतो का, किल्ली फिरवता येते का. दुखणं कमी झालं पण हात लुळा पडत चाललाय, हे बरं होणं नाही, उलट लगेच जाऊन दाखवायची वेळ आहे.

मज्जारज्जू दबलेला असेल तर हा नियम लागू नाही. अगदी सौम्य असेल तर काही डॉक्टर वारंवार तपासत थांबतात, पण मध्यम किंवा वाढत चाललेला त्रास असेल तर उशीर करण्यात तोटाच असतो कारण गेलेलं सगळं परत येत नाही.

हे करू नका: सलूनमध्ये मान मोडून घेणं, हाडवैद्याकडे झटका, अंगात आल्यासारखं तेल लावून रगडणं, स्वतःच्या मनाने ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं), शीर्षासन, सर्वांगासन, हलासन. आणि मान मागे टाकून वर बघायची कामं, पंखा पुसणं, माळ्यावरचे डबे काढणं. पोकळी अरुंद असताना मान जोरात मागे गेली किंवा बाथरूममध्ये पडणं झालं तर एका क्षणात दोन्ही हात जाऊ शकतात. बाथरूममध्ये दांडी बसवायचं काम आधी करा, तपासण्या नंतर. दुसरं कुठलंही ऑपरेशन भूल देऊन होणार असेल तर भूलतज्ज्ञांना मानेचं सांगा, नळी घालताना मान किती वाकवायची ते त्यांना ठरवावं लागतं.

४. पुढून की मागून

हे पेशंटने निवडायचं नसतं, पण का निवडलं ते समजलं पाहिजे.

पुढून: गळ्यावरच्या घडीत आडवा छोटा छेद, श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात. खराब गादी पूर्ण काढतात, मागची वाढलेली हाडं घासून दाब मोकळा करतात, मग रिकाम्या जागी केज (गादीच्या जागी बसणारा छोटा ठोकळा) किंवा हाडाचा तुकडा बसवतात आणि बहुतेक वेळा वरून टायटॅनियमची पट्टी आणि स्क्रू. पुढच्या काही महिन्यांत ते दोन मणके एकमेकांना जुळून एक होतात. दाब समोरून असेल आणि एकदोन ठिकाणीच असेल तर सहसा हे.

"मान वळणारच नाही का मग?" एका जागी मणके जोडले तर फारसा फरक जाणवत नाही, कारण मान डावी-उजवीकडे वळण्याचं जवळजवळ निम्मं काम सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं. तीन-चार जागा जोडल्या तर मात्र फरक कळतो. मणके न जोडता कृत्रिम गादी बसवण्याचा पर्यायही असतो, पण तो निवडक लोकांना, हाडं ठिसूळ असतील किंवा मागचे सांधे झिजलेले असतील तर नाही.

मागून: बऱ्याच ठिकाणी दाब असेल किंवा पोकळीच अरुंद असेल तर. मणक्याची मागची कमान काढून टाकतात, कधी त्याबरोबर स्क्रू-रॉड लावतात, किंवा कमान न काढता एका बाजूने दार किलकिलं केल्यासारखी उघडून तशीच अडकवून ठेवतात. एकच नस बाजूच्या छिद्रात दबलेली असेल तर मागून फक्त ते छिद्र मोठं करतात, मणके जोडावे लागत नाहीत. मागून केलं की स्नायू कापले जातात त्यामुळे सुरुवातीचं दुखणं जास्त आणि जखमेत इन्फेक्शनची शक्यताही पुढच्यापेक्षा जास्त. आणि मानेचा नैसर्गिक बाक उलटा झालेला असेल तर नुसतं मागून मोकळं करून भागत नाही, मज्जारज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो.

५. सर्जनला विचारायचं आणि पैशाचं बघायचं

न्यूरोसर्जन आणि ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जन, दोघेही हे ऑपरेशन करतात, पाटीपेक्षा मानेची किती केली आहेत ते विचारा. पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर बसलं की डोकं रिकामं होतं: ऑपरेशन दुखणं कमी करायला आहे की बिघाड थांबवायला? नाही केलं तर ६ महिन्यांत काय होईल? कुठला लेव्हल, म्हणजे कोणत्या दोन मणक्यांमध्ये, पुढून का, मागून का? आवाज, गिळणं, खांद्याची ताकद यांना किती धोका? आधीच गेलेलं किती परत येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांना ऐकवा. मज्जारज्जूच्या ऑपरेशनचा पहिला उद्देश पुढचं नुकसान थांबवणं हा असतो, सुधारणा होते पण किती ते कुणी लिहून देत नाही. हे न ऐकलेला एक मामा आमच्याकडे अजून म्हणतो, "एवढे पैसे घालून काय उपयोग झाला."

विम्याची पॉलिसी नवी असेल तर मणक्याच्या आजारांना बऱ्याचदा २ वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तो बघा. रूमच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर काही पॉलिसी बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात पैसे कापतात. केज, प्लेट, स्क्रू यांची किंमत एस्टिमेटमध्ये वेगळी लिहून मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला अॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर धावपळ होते.

६. ऑपरेशनच्या आधीचे ४ आठवडे

तंबाखू. सिगारेट, गुटखा, मशेरी, तपकीर, सगळं. निकोटिनमुळे हाड नीट जुळायला अडथळा येतो, आणि "मी ओढत नाही" म्हणणाऱ्या बायका मशेरी लावतात हे सांगत नाहीत. निदान ४ आठवडे आधी बंद, नंतरही हाड जुळेपर्यंत बंदच.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नवीन गोळ्या, कोणती किती दिवस आधी थांबवायची ते सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. स्वतः बंद करू नका, विशेषतः स्टेंट असेल तर, आणि न सांगता चालूही ठेवू नका. काढे, आयुर्वेदिक गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल हेही यादीत लिहा.

शुगर. तीन महिन्यांची सरासरी फार वाढलेली असेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, त्यांच्याशी भांडू नका. डायबेटिसच्या काही गोळ्या ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात, भूलतज्ज्ञांना गोळ्यांची पाकिटंच दाखवा.

घर. पलंग खाली असेल तर थोडा उंच करा, रोजची भांडी ओट्याच्या उंचीवर आणा, पायपुसणी उचलून ठेवा.

७. आदल्या रात्रीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत

जेवण सहसा मध्यरात्रीनंतर बंद, पाणी किती वाजेपर्यंत ते हॉस्पिटल सांगेल तेच पाळा. "नुसता चहा घेतला" म्हणून ऑपरेशन रद्द झालेली माणसं मी वेटिंगमध्ये बघितली, दुधाचा चहा पोटाला जेवणासारखाच. बीपीची सकाळची गोळी घ्यायची का ते आधीच विचारा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायची, बांगड्या निघत नसतील तर घरीच साबण लावून काढा, नेलपॉलिश पुसा. कवळी, हलणारे दात सांगा.

संमतीपत्रावर लेव्हल आणि बाजू वाचून मगच सही करा.

नातेवाइकांसाठी: एका लेव्हलचं प्रत्यक्ष काम तासदोन तासांचं असतं, पण भूल देणं, पोझिशन करणं, जागं करणं धरून माणूस ३-४ तासांनी बाहेर येतो. दर दहा मिनिटांनी दार वाजवून काही होत नाही.

८. पहिले २४ तास, इथे जागं राहायचं

पुढून ऑपरेशन झालं असेल तर सगळ्यात मोठा धोका आत रक्त साठून श्वासनलिका दबण्याचा. क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो. मान फुगतेय, आवळल्यासारखं वाटतंय, आवाज बदलत चाललाय, आडवं झोपवत नाही, श्वासाला आवाज येतोय, यातलं काहीही दिसलं तर बेल दाबून वाट बघू नका, बाहेर जाऊन सिस्टरला हाताला धरून आणा. गरज पडली तर डॉक्टर जागेवरच टाके उघडतात. आम्ही पहिल्या रात्री आळीपाळीने जागलो.

तपासा: शुद्धीवर आल्यावर दोन्ही हातांची बोटं, दोन्ही पाय हलतात का. खांद्यातून हात वर उचलता येतो का, हे पुढचे काही दिवस रोज बघा. काही पेशंटना, मागून केलेल्यांना जास्त, दोनचार दिवसांनी एकाच खांद्याची ताकद कमी होते. बहुतेकांची काही महिन्यांत परत येते, पण कळवायचं लगेच.

९. घरी आल्यावर ६ आठवडे

गिळायला त्रास बहुतेकांना होतो, घसा सोलल्यासारखा. मऊ भात, वरण, खिमट, लापशी, ताठ बसून छोटे घास, भाकरी-चिवडा नंतर. पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल, किंवा आवाज काही आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर दाखवा. दोन पात्यांच्या मध्ये दुखलं तर घाबरू नका, गादीची जागा उंचावल्यामुळे हे होतं आणि कमी होतं.

उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. झटक्यात उठायचं नाही. गळपट्टा काहींना देतात, काहींना नाही, शेजारच्या काकांना दिला होता म्हणून स्वतः आणून घालू नका.

चालणं पहिल्या दिवसापासून, घरातल्या घरात आणि मग अंगणात. वजन नाही, म्हणजे भरलेली बादली नाही, नातवाला कडेवर नाही, आणि गॅसचा भरलेला सिलिंडर तर जवळजवळ ३० किलोचा असतो, तो सरकवायचाही नाही. गाडी चालवायचं सर्जन सांगतील तेव्हाच, टू व्हीलर आणखी उशिरा, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे त्या केजला माहीत नाहीत. दुखलं की मेडिकलमधून स्वतःहून गोळी नको, सूज कमी करणाऱ्या काही पेनकिलर हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात.

थांबा: ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उभं राहिल्यावर वाढणारी डोकेदुखी, पोटरी सुजून दुखणं, नव्याने आलेला अशक्तपणा, यातल्या कशासाठीही पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

१०. ३ महिने ते वर्ष

हाताची कळ बऱ्याचदा लवकर जाते, काहींची शुद्धीवर आल्या आल्या. ताकद हळू येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी आणि कधीकधी राहतोच. त्यामुळे "कळ गेली पण बोट बधिर आहे" म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. फिजिओथेरपी सर्जनच्या परवानगीनंतर सुरू करायची, आणि आईसारखं असेल तर मानेपेक्षा हाताच्या बारीक कामांचे आणि तोलाचे व्यायाम जास्त मागा. आईला मी मूग आणि मटकी मिसळून निवडायला द्यायचे, ती चिडायची पण करायची.

जोडलेल्या जागेच्या वरच्या-खालच्या गादीवर पुढच्या वर्षांत त्रास येऊ शकतो, म्हणून नवी कळ किंवा मुंग्या आल्या तर "ऑपरेशन झालंय की" म्हणून सोडू नका, पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासा. केज आणि प्लेटच्या पाकिटांवरचे स्टिकर डिस्चार्ज फाईलमध्ये लावलेत का बघा, पुढे कधी एमआरआय काढायचा झाला की पहिला प्रश्न तोच येतो की आत काय बसवलंय.

आणि ती मुठीची वही चालू ठेवा, महिन्यातून एकदा, त्याच हाताने, त्याच वेळी. आईचे ऑपरेशनआधी १० सेकंदांत ११ होत होते, ३ महिन्यांनी १५, वर्षाने १८. भाकरी थापते आता, गोल येत नाही. वरचं बटण मी लावते.